घोट्याचा सांधा जोडायचा आहे: स्क्रू, प्लेट की टाचेतून रॉड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, सांगलीकडे शेती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून उजवा घोटा मोडला, तेव्हा प्लास्टरवर भागवलं. आता सांधा पूर्ण झिजलाय, बांधापर्यंत चालवत नाही, रात्रीही ठणकतो. साखर आहे, तंबाखूही आहे. एक सर्जन म्हणाले, तीन स्क्रू घालून सांधा जाम करू. दुसऱ्यांनी टाचेतून रॉड सुचवला. तिसऱ्या ठिकाणी ‘इम्पोर्टेड टायटॅनियम प्लेट’ असं लिहिलेलं एस्टिमेट मिळालं, आणि त्यातला आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. मुलाला विचारायचंय ते हे: यातलं चांगलं कुठलं, ते आयुष्यभर आत ठेवायचं का, आणि नंतर वडिलांना मांडी घालून बसता येईल का?

किमतीकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सांधा जोडतं ते हाड. दोन हाडांच्या मधली उरलीसुरली कूर्चा काढून टाकायची, आतलं जिवंत हाड एकमेकांना भिडवायचं आणि ती हाडं एकजीव होईपर्यंत हलू द्यायची नाहीत, एवढंच हे ऑपरेशन आहे. इम्प्लांट म्हणजे स्लॅबखालचं सेंटरिंग. स्लॅब पक्का होईपर्यंतचा भार त्याने पेलायचा. हाड बारा-सोळा आठवड्यांत धरलं, तर साधे स्टीलचे स्क्रूही आयुष्यभर निवांत आत राहतात. हाड धरलंच नाही, तर जगातला सगळ्यात महागडा रॉडसुद्धा एक दिवस तुटतो. चालताना धातूवर दर पावलाला ताण येतो, दिवसाला हजारो वेळा, आणि असा ताण अनंतकाळ सोसेल असा धातू अजून कुणी बनवलेला नाही.

याचा पुरावा आपल्या गावागावांत आहे. लहानपणी पोलिओ होऊन गेलेली, आज पन्नाशी-साठीत असलेली कितीतरी माणसं ‘ट्रिपल’ ऑपरेशन झालेल्या पायावर चालतात. त्या काळी पावलाचे तीन सांधे जोडायचे आणि वर प्लास्टर घालायचं. आत फार तर एखादा स्टेपल, म्हणजे यू आकाराचा खिळा, अनेकदा तोही नाही. अशा जुन्या पायाचा एक्स-रे मी बघतो तेव्हा तिथे हाड इतकं सलग झालेलं असतं, की सांधा नेमका कुठे होता ते शोधावं लागतं. अर्थात त्या पद्धतीत न जुळण्याचं आणि वाकडं जुळण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणूनच १९५१ मध्ये जॉन चार्नली यांनी नडगीच्या हाडातून आणि टेलस या तिच्या खालच्या हाडातून आडव्या पिना घालून, बाहेरून शिकंजे आवळून सांधा दाबून धरायची पद्धत मांडली, तेव्हा मोठा फरक पडला. दाब दिला की हाड चांगलं धरतं. आजचे सगळे स्क्रू, प्लेट, रॉड आणि स्टेपल हाच दाब वेगवेगळ्या मार्गांनी आतून देतात.

आता तुमच्या वडिलांचं. तिघा सर्जनची तीन मतं ऐकून तुम्ही गोंधळलात, पण त्यातला मोठा भाग एका गोष्टीवर ठरतो: दुखणारा सांधा एक आहे की दोन?

नडगीचं हाड आणि टेलस यांच्यामधला तो घोट्याचा सांधा. त्याच्या खाली, टेलस आणि टाचेचं हाड यांच्यामध्ये आणखी एक सांधा असतो, त्याला सबटेलर म्हणतात. पाऊल वर-खाली होतं ते मुख्यतः घोट्यात. आत-बाहेर कलतं ते सबटेलरमध्ये. नांगरलेल्या रानात ढेकळांवरून चालताना, बांधाच्या उतारावर, खडीवर पाऊल जमिनीप्रमाणे कलतं ते या खालच्या सांध्यामुळे. टाचेतून घातलेला रॉड तळपायातून शिरतो, टाचेचं हाड आणि टेलस पार करून नडगीच्या पोकळीत जातो. म्हणजे तो दोन्ही सांधे एकदम जोडतो. खालचा सांधा झिजलेला असेल तर ते योग्यच आहे. तो चांगला असेल, तर शेतात राबणाऱ्या माणसाचा चांगला सांधा रॉड घालायचाय म्हणून बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घोटा जोडल्यावर उरलेली सगळी हालचाल याच सांध्यावर आणि त्याच्या पुढच्या टॅलोनॅव्हिक्युलर सांध्यावर येते.

हे ठरवायला दोन गोष्टी करून घ्या. एक, दोन्ही पायांवर उभं राहून काढलेला घोट्याचा आणि पावलाचा एक्स-रे. झोपवून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट खरी दिसत नाही आणि टाच किती कलली आहे तेही कळत नाही. सोबत सीटी स्कॅन असेल तर उत्तम. दुसरं, एक्स-रेवरून शंका राहिली तर सबटेलर सांध्यात सी-आर्मखाली, म्हणजे स्क्रीनवर चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघून भुलीचं इंजेक्शन द्यायला सांगा. इंजेक्शननंतर वडिलांना दवाखान्याच्या जिन्यावर चढ-उतार करायला लावायची. दुखणं जवळजवळ गेलं, तर खालचा सांधाही दोषी. काहीच फरक पडला नाही, तर दुखणं वरच्याच सांध्याचं. पाच मिनिटांची ही तपासणी, पण रॉड की स्क्रू या वादाचा निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो.

दुखणं फक्त घोट्याचं आहे, टाच फार वाकडी नाही आणि हाड बऱ्यापैकी मजबूत आहे असं निघालं, तर माझी पहिली पसंती स्क्रूंनाच आहे. ६.५ ते ७.३ मिलिमीटर जाडीचे, मधून पोकळ स्क्रू. आधी बारीक तार घालायची, सी-आर्मवर दोन बाजूंनी तिची दिशा बघायची, मग त्याच तारेवरून स्क्रू सरकवायचा. या स्क्रूंना फक्त टोकाकडे आटे असतात. ते सगळेच्या सगळे सांध्याच्या पलीकडे, टेलसमध्ये गेले पाहिजेत. तसं झालं की स्क्रू आवळताना टेलस नडगीच्या हाडाकडे ओढला जातो आणि फट मिटताना स्क्रीनवर स्पष्ट दिसते. एकदोन आटे जरी सांध्याच्या अलीकडे राहिले तरी स्क्रू दोन्ही हाडांना आहे त्या अंतरावर अडकवून ठेवतो. मग वरून कितीही आवळा, दाब येत नाही. दोन स्क्रूंनी काम होतं. तिसरा घातला की पाऊल पिळवटण्याविरुद्ध बळ वाढतं, म्हणून अनेकजण तीन घालतात. त्यातला एक मागून, नडगीच्या हाडाच्या पाठीकडून टेलसच्या मानेत जाणारा असेल तर पकड फार छान मिळते.

पण खरा वेळ जातो तो स्क्रूंच्या आधी. कूर्चा खरवडून काढली की खाली हाडाचा एक कडक, गुळगुळीत, पांढरट थर लागतो. तो तसाच ठेवून वर स्क्रू मारले तर दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांना टेकवल्यासारखं होतं. त्या थराला बारीक ड्रिलने ठिकठिकाणी भोकं पाडायची, पातळ छिन्नीने खवले उचलल्यासारखे काप घ्यायचे, ड्रिल तापून हाड जळू नये म्हणून सलाइन सोडत राहायचं. त्या भोकांतून लालसर मज्जा डोकावली, हाडाला ओल आली, की जागा तयार झाली. सांध्याचा मूळचा घुमटासारखा आकार शक्यतो राखायचा, म्हणजे हाडं एकमेकांत नीट बसतात आणि पायाची लांबीही कमी होत नाही. हेच काम दुर्बिणीतून, दोन छोट्या छिद्रांतूनही करता येतं. घोट्यावरची कातडी जुन्या अपघाताने चिकटलेली असेल किंवा साखर असेल, तर दुर्बिणीची पद्धत मला जास्त सुरक्षित वाटते, कारण मोठी जखमच होत नाही. मोठा वाकडेपणा असेल किंवा हाडाचा तुकडा भरायचा असेल, तेव्हा मात्र उघडूनच करावं लागतं. तुमच्या सर्जनना विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे: पृष्ठभाग कसे तयार करणार आणि बोन ग्राफ्ट, म्हणजे भरायला हाड, लागला तर कुठून घेणार? कमरेचं हाड, टाचेचं हाड किंवा नडगीचं खालचं टोक, या नेहमीच्या जागा.

प्लेट कधी? हाड ठिसूळ असेल, टेलसचा काही भाग झिजून गेला असेल, आधीचं फ्युजन, म्हणजे सांधा जोडण्याचं ऑपरेशन, फसलं असेल, तर प्लेट लागते. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच भोकात आट्यांनी अडकतं, म्हणून मऊ हाडातही ती सहसा सैल होत नाही. तिची अडचण कातडीची. घोट्याच्या पुढच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. तिथे प्लेट बसवली आणि जखम उघडली, तर थेट धातू दिसतो. साखर असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसात हा धोका आणखी मोठा. तेव्हा प्लेट ‘जास्त मजबूत’ आहे एवढ्यावरून ती निवडू नका. तुमच्या वडिलांना ती लागते का, आणि का, हे एस्टिमेट देणाऱ्यांनी सांगायला हवं.

स्टेपलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एस्टिमेटमध्ये ‘नायटिनॉल’ दिसलं तर दचकू नका. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचा स्टेपल ताणून हाडात बसवला की तो मूळ आकारात परत यायचा प्रयत्न करत राहतो, त्यामुळे दाब टिकून राहतो. हाड सुरुवातीला थोडं झिजतं तेव्हा स्क्रूचा दाब कमी होतो, स्टेपल मात्र ओढत राहतो. पावलाच्या मधल्या छोट्या सांध्यांत तो फार सोयीचा. घोट्यासारख्या मोठ्या सांध्यात एकट्याच्या भरवशावर ठेवू नये. वरून बसवलेला स्टेपल वरची फट मिटवतो, पण तळव्याकडची फट उघडी राहू शकते, म्हणून सहसा दोन, एकमेकांना काटकोनात घालतात. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने कातडीवर चट्टे उठत असतील, तर आधी सांगा. ते स्टीललाही लागू आहे, कारण त्यातही निकेल असतं.

आता साखरेबद्दल जरा थांबून बोलायला हवं. वडिलांच्या पायाला संवेदना किती आहे, हे कुणी तपासलंय का? दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, डोळे मिटलेल्या पेशंटला ‘लागतंय का’ विचारायचं, एवढीच तपासणी. तो धागा कळत नसेल तर सगळं गणित बदलतं. संवेदना गेलेल्या पायात शार्कोचा आजार होतो. पाऊल लाल, गरम, सुजलेलं असतं, पण त्या मानाने दुखत नाही, आणि आतली हाडं चुऱ्यासारखी ढासळत जातात. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी १८६८ मध्ये हे वर्णन सिफिलिसच्या रुग्णांत केलं होतं. आज आपल्याकडे याचं मुख्य कारण मधुमेह आहे, आणि कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायातही हेच घडतं.

अशा पायात तीन स्क्रू पुरत नाहीत. हाड मऊ असतं, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे दुखत नाही म्हणून माणूस चौथ्या आठवड्यातच पाय टेकून घरभर फिरतो. इतर कुणीही दोन पावलांत कळवळून खाली बसला असता. पुढच्या भेटीच्या एक्स-रेत स्क्रूंच्या भोवती काळी कड दिसते, म्हणजे स्क्रू हाडात हलू लागलेला असतो, किंवा तो मधूनच तुटलेला असतो. म्हणून शार्कोत आम्ही मुद्दाम जास्त लांबवर धरतो. आजारी भागाच्या पुढे-मागे चांगल्या हाडापर्यंत, जाड रॉड किंवा चवड्याच्या हाडांतून टेलसपर्यंत जाणारे लांब स्क्रू. इथे टाचेतून घालायचा रॉड, साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, खरोखर कामाचा. घोटा बदललेला असून तो फसला, टेलस मेलेला असला, संधिवातात दोन्ही सांधे गेले, तिथेही हाच. रॉड आखूड असेल तर त्याच्या वरच्या टोकाशी नडगीचं हाड तडकू शकतं, त्यामुळे मऊ हाडात लांब रॉड बरा. आणि जखम चिघळलेली, आत पू असेल, तर आत कुठलाही धातू न ठेवता बाहेरून रिंगांची चौकट लावतात, तिला इलिझारोव्ह म्हणतात. रशियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांची ही देणगी अशा पायांना कापण्यापासून वाचवते.

बधिर पायाला पाय न टेकण्याचा काळ मी साधारण दुप्पट धरतो. घरच्यांनी हे मनावर घ्यायला हवं, पेशंटला त्याचा पाय काही सांगणार नाही.

दुसऱ्या सर्जननी रॉड सुचवला तो संवेदना कमी आहे म्हणून असेल, तर त्यांचं बरोबर असू शकतं. तेच विचारा.

ऑपरेशनआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आठच्या खाली आणा, पायाच्या नाड्या नीट लागतात का ते बघून घ्या आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करा. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्यातही ते कमी निघतं. आणि तंबाखू. बिडी सोडली पण मळलेली चालू आहे, याला सोडणं म्हणत नाहीत. गुटखा, मिश्री, तपकीर, सगळ्यांत निकोटिन आहे आणि ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं. तंबाखू घेणाऱ्यांत हाड न जुळण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त असतं. ऑपरेशनच्या किमान महिना-दीड महिना आधी बंद आणि हाड पक्कं धरेपर्यंत बंद. हे जमत नसेल तर मी तारीख पुढे ढकलतो. एस्टिमेटमधल्या दुप्पट आकड्याने जेवढा फायदा होईल, त्याहून कितीतरी जास्त फायदा या एका गोष्टीने होतो.

‘इम्पोर्टेड टायटॅनियम’बद्दल. टायटॅनियम स्टीलपेक्षा लवचिक आहे, हाडाच्या लवचिकतेच्या थोडं जवळ जातं, एमआरआयमध्ये चित्र कमी धुरकटतं आणि निकेलच्या ॲलर्जीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. स्टील जास्त ताठ आणि स्वस्त. दोन्हींनी सांधे जुळतात. टायटॅनियमच्या लॉकिंग प्लेटची एक गैरसोय म्हणजे काही वर्षांनी स्क्रू प्लेटमध्ये असा घट्ट बसतो की काढताना त्याचं डोकं झिजून जातं. भारतात बनलेले स्क्रू घालायला मला काडीचाही संकोच वाटत नाही, अट एवढीच की कंपनीकडे सीडीएससीओचा, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा, परवाना असावा आणि इम्प्लांटवर बॅच नंबर असावा. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, तशी मर्यादा घोट्याच्या स्क्रू-प्लेटना नाही. त्यामुळे दोन रुग्णालयांत आकडे वेगळे दिसतात. इम्प्लांटचं पाकीट फोडल्यावर त्यातलं स्टिकर केसपेपरवर चिकटवतात. कंपनी, माप, बॅच, सगळं त्यावर असतं. त्याची प्रत डिस्चार्ज कार्डासोबत मागून घ्या. विम्यासाठी लागते, आणि दहा वर्षांनी कुणाला तो स्क्रू काढायचा झाला तर कुठला स्क्रू-ड्रायव्हर लागेल तेही त्यावरूनच कळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन आणि इम्प्लांट बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

इम्प्लांट नंतर काढायचा का? हाड जुळलं आणि काही टोचत नसेल तर काढायचा नाही. चपलेच्या पट्ट्याखाली डोकं टोचत असेल, जंतुसंसर्ग असेल, तर काढतात. त्याआधी सीटीवर हाड जुळल्याची खात्री हवी. विमानतळावर यंत्र वाजलं तर घोट्यात स्क्रू आहे असं सांगायचं, एवढंच. एमआरआयआधी तंत्रज्ञाला स्टिकर दाखवा.

घोटा बदलायचा पर्यायही कुणी सुचवेल. ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वयोगटातल्या ३०३ जणांवर दोन्ही ऑपरेशनांची तुलना झाली, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभराने दोन्ही गट बरेच सुधारले होते आणि चालण्या-उभं राहण्यात म्हणावा असा फरक नव्हता. फ्युजनच्या गटात साधारण १२ टक्क्यांत हाड नीट जुळलेलं नव्हतं, पण त्या सगळ्यांनाच त्रास होत होता असं नाही. बदललेल्या गटात जखमेच्या तक्रारी जास्त होत्या. साखर, तंबाखू आणि शेतीतलं कष्टाचं काम हे तिन्ही एकत्र असताना मी तुमच्या वडिलांना फ्युजनच सांगेन.

जोडताना पाऊल कुठल्या कोनात ठेवलं, यावर पुढचं सगळं आयुष्य चालतं. नडगीशी काटकोनात, टाच किंचित, पाच अंशांपर्यंत बाहेर, आणि पाऊल पाच ते दहा अंश बाहेर वळलेलं. चवडा खाली झुकलेला राहिला तर प्रत्येक पावलाला गुडघा मागे ढकलला जातो आणि मग गुडघा दुखायला लागतो. मी स्क्रू घालण्याआधी गुडघ्याची वाटी आणि दुसरं बोट एका रेषेच्या आसपास येतात का ते दुसऱ्या पायाशी ताडून बघतो. स्क्रू एकदा आवळले की फेरबदल नाही.

मांडी घालून बसणं बहुतेकांना जमतं, कारण त्यात खुबा आणि गुडघा जास्त वाकतात. सुरुवातीला घोट्याखाली उशी लागते. उकिडवं बसणं मात्र पूर्वीसारखं होणार नाही. टाच टेकवून खाली बसायला घोटा वर वाकावा लागतो, तो आता वाकणार नाही, टाच उचलली जाते आणि तोल जातो. त्यामुळे ऑपरेशनआधीच घरात कमोड किंवा संडासावर ठेवायची उंच खुर्ची करून घ्या. सहा आठवडे पाय अजिबात टेकायचा नाही, तेव्हा तर ती लागतेच. पुढचे सहा आठवडे बुटासारख्या आधारात हळूहळू भार. या काळात वॉकर लागेल, पायरीच्या घरात झोपण्याची खोली खाली आणावी लागेल. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात या, रक्ताची गुठळी असू शकते.

बारा आठवड्यांच्या एक्स-रेत फटीतून हाडाच्या रेघा पलीकडे जाताना दिसल्या की भार वाढवायचा. शंका असेल तर सीटी. त्यानंतर तळवा पुढे-मागे गोलाकार केलेले बूट घातले की चाल बरीच सहज होते. ट्रॅक्टर चालवणारे असतील तर उजवा घोटा म्हणजे ब्रेकचा पाय. तिथे घोटा वाकणार नाही, गुडघा आणि खुब्यातून दाबायची सवय करावी लागेल. हाड जुळल्याचं सर्जननी सांगितल्याशिवाय सीटवर बसू देऊ नका, आणि पहिल्यांदा बसतील तेव्हा मोकळ्या रानात, कुणीतरी सोबत असताना ब्रेक दाबून बघू द्या.